पाण्यापेक्षा सुरक्षित

विषाच्या नळीतल्या गांधीलमाश्या जगल्या आणि पाण्याच्या नळीतल्या मेल्या, तेव्हा चिमट्याला वाटलं, आपण चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या असणार. त्याने चिठ्ठ्या तपासल्या. बरोबर होत्या. मग त्याने सगळं पहिल्यापासून केलं: नव्या नळ्या, नव्या माश्या, नवं पाणी. पुन्हा तेच. विषवाल्या नळीत फेरफटका चाललेला आणि पाणीवाल्या नळीत सगळ्या उताण्या, पाय वर. तिसऱ्यांदाही तसंच झाल्यावर तो पाण्याकडे संशयाने बघायला लागला. शेवटी त्याने त्यातलं घोटभर पिऊन पाहिलं. त्याला काही झालं नाही. पण तो गांधीलमाशी नव्हता, त्यामुळे त्या निष्कर्षाला फारसा अर्थ नव्हता.

चिमट्याचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. खिशात कायम बारीक टोकांचा चिमटा असायचा. एकदा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या चहात पडलेली मुंगी त्याने त्याच चिमट्याने उचलली, खिडकीत नेऊन ठेवली आणि ती चालायला लागेपर्यंत तिथेच उभा राहिला. त्या दिवसापासून तो चिमटा. बाकी अंगाने काटकुळा, पण केस असे दाट की वाटावं, खाल्लेलं सगळं वरच जातं. त्या केसांवर त्याचा फार जीव. विचार करताना तो केसांतून हात फिरवायचा, आणि काम मोजणीचं असल्यामुळे त्याला दिवसभर विचार करावा लागायचा.

गांधीलमाशी म्हटलं की लोक हात झटकत मागे सरतात. प्रयोगशाळेतली ही तसली नव्हती. ही पूर्णविरामाएवढी. माणसाला डंख मारणं सोडा, माणूस म्हणजे काय हेच तिला ठाऊक नसावं. तिच्या लेखी जगात फक्त पतंगाची अंडी होती. पतंग पानावर अंडी घालून निघून जातो. ही मागून येते आणि त्या अंड्याच्या आत आपलं अंडं घालते. मग त्यातून पान कुरतडणारी अळी निघायच्या ऐवजी आणखी एक गांधीलमाशी निघते. म्हणजे घर पतंगाने बांधायचं आणि राहायला हिची पोरं. प्रयोगशाळेत पुठ्ठ्याच्या कार्डांवर पतंगाची अंडी चिकटवून त्यांवर या माश्या सोडत. माशीने ताब्यात घेतलेलं अंडं काही दिवसांनी काळं पडतं. पूर्ण काळं पडलेलं कार्ड म्हणजे उत्तम कार्ड. ती कार्डं टोमॅटोवाले, कोबीवाले घेऊन जात आणि झाडांना टांगत.

अडचण एवढीच की बरेचसे लोक एका हाताने कार्ड टांगत आणि दुसऱ्या हाताने फवारा मारत. म्हणून कुठल्या फवाऱ्याने या माश्यांचं काय होतं ते तपासायचं, हे चिमट्याचं काम. काचेच्या नळीत आतून औषधाचा पातळ थर द्यायचा, तो सुकू द्यायचा, मधाची एक रेघ ओढायची, माश्या सोडायच्या, कापसाचं बूच लावायचं आणि दुसऱ्या दिवशी किती जिवंत ते मोजायचं. शेजारी एक नळी नुसत्या पाण्याची. तिला सगळे 'साधी' म्हणत. औषधाच्या नळीत किती मेल्या हे कळायला साधीत किती जगल्या हे कळावं लागतं. साधीत दहातल्या एकीहून जास्त मेल्या की परीक्षा रद्द.

आणि इथे साधीत दहाच्या दहा मेलेल्या.

हे औषध नवीन होतं. ज्या कंपनीने ते बनवलं होतं तिचा माणूस दर दिवसाआड फोन करायचा. त्याला कुणीतरी आकडे सांगितले होते.

"म्हणजे आमच्या औषधात जगतात," तो म्हणाला, "आणि पाण्यात मरतात?"

"सध्या तरी."

पलीकडचा आवाज भरून आला. "म्हणजे आमचं औषध पाण्यापेक्षा सुरक्षित आहे."

"असं म्हणता येणार नाही."

"तुम्ही म्हणू नका. आम्ही म्हणतो. लेबलवर छान दिसेल. फक्त तुमच्या मॅडमची सही मिळाली तर बरं."

चिमट्याने फोन ठेवला, केसांतून हात फिरवला आणि साधी नळी पुन्हा उजेडात धरली. एकीनेही पाय हलवला नाही.

या सगळ्यात खरी पंचाईत मुकादमची होती.

मुकादम म्हणजे पैदासखोली सांभाळणारी. वयाने चिमट्याएवढीच, उंचीने त्याच्या खांद्याला, आवाजाने दोन मजल्यांना पुरेल अशी. तिच्या हाताखाली लाखभर गांधीलमाश्या आणि त्यातल्या बहुतेक बायका, म्हणून ती मुकादम. बरण्यांच्या रांगेतून फिरताना ती त्यांना झापायची, "काय गं, सकाळपासून काय केलंत? हे कोपरे कोण भरणार, मी?" माश्या मुकाट्याने कोपरे भरायच्या. तिने नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोबीच्या एका पानावरून पहिल्या मूठभर माश्या स्वतः गोळा करून आणल्या होत्या. आज खोलीत जे काही उडत होतं ते सगळं त्या पानाचं. तिच्या भाषेत ते 'घराणं' होतं. कुणी नुसतं 'स्टॉक' म्हटलं तर ती त्याच्याशी दिवसभर बोलायची नाही.

चिमट्याला मुकादम आवडायची. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना माहीत होतं, मुकादम सोडून. निदान ती तसं दाखवायची. काहीतरी निमित्त काढून तो रोज पैदासखोलीत जायचा. तिथे गेल्यावर काय करायचं ते सुचत नसे, म्हणून बरण्यांना कापसाची बुचं लावू लागायचा. ती नको म्हणायची नाही. एकदा तर बूच लावता लावता ती सहज म्हणाली होती, "चिमट्या, केस छान दिसतायत हल्ली." त्यानंतर त्याने आठवडाभर बुचंच लावली.

तिसऱ्या खेपेच्या साध्या नळ्या मेल्या, तेव्हा मॅडमनी दोघांना बोलावलं. मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्यांना गरजच पडत नसे. चष्मा काढून पुसायला घेतला की समोरचा आपोआप चुका आठवू लागायचा.

"आधी ह्या बघा," मुकादम म्हणाली आणि तिने सूक्ष्मदर्शक मॅडमसमोर सरकवला. "औषधाच्या नळीतून वाचलेल्या आहेत. ह्यांना आम्ही ताजी अंडी दिली. बघा काय करतायत."

मॅडमनी पाहिलं. मग चिमट्यानेही पाहिलं. माशी अंड्यांवरून चालत होती. एका अंड्यावर चढली, उतरली. दुसऱ्यावर चढली, थांबली, मागचे पाय घासले. पुन्हा उतरली. स्वयंपाकघरात येऊन आपण कशाला आलो ते विसरलेल्या माणसासारखी ती कार्डभर हिंडत होती.

"चांगली माशी आधी मिशांनी अंडं ठोकून बघते," मुकादम म्हणाली. "मग बसते आणि अंडं घालते. ही नुसती फिरतेय. मेली नाही हे खरं, पण कामावरही नाही. कंपनीवाले जिवंत मोजतात, मी काम मोजते."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमच्या बरण्यांतल्या? ज्यांना औषधाचा वाससुद्धा लागलेला नाही?"

मुकादमने ॲप्रनच्या खिशातून या आठवड्याची कार्डं काढून टेबलावर ठेवली. एरवी शाईत बुडवल्यासारखी काळी असायची. ही निम्मीअधिक पांढरीच होती.

"याही फिरतात," ती हळूच म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे औषध लागलेल्या फिरतात, न लागलेल्याही फिरतात आणि पाण्यात तर मरतात. मला एकच अर्थ दिसतो. घराणं थकलं. पिढ्यान्पिढ्या बरणीत राहून कमजोर झालं." त्यांनी चष्मा पुसला. "शनिवारी सगळ्या बरण्या फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेरून नवीन माश्या मागवू."

फ्रीजर म्हणजे काय हे तिघांनाही माहीत होतं. तिथून आजवर कुणी उडत बाहेर आलं नव्हतं.

"मॅडम, माझं घराणं थकलेलं नाही," मुकादम म्हणाली.

"तुमचं काय मत?" मॅडमनी चिमट्याला विचारलं.

चिमट्याने केसांतून हात फिरवला. त्याला मुकादमची बाजू घ्यायची होती. पण तो आकड्यांचा माणूस होता आणि आकडे त्याच्यासमोर उताणे पडले होते. "तशी शक्यता नाकारता येत नाही," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मुकादमने त्याला जिन्यातच गाठलं.

"शक्यता नाकारता येत नाही?"

"अगं, मी—"

"नाकारून बघायची होतीस एकदा! हात मोडला असता का?"

"आकडे तसे आहेत ना."

"आकडे तुझे आहेत. मारल्यास तू. माझ्याकडून धडधाकट नेल्यास आणि पाणी पाजून मारल्यास. पाणी पाजून! शत्रूलासुद्धा पाणी पाजतात तेव्हा तो जगतो, चिमट्या." आणि ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

त्या दिवशी चिमटा घरी गेला तो तोंड पाडूनच. तो ताईकडे राहायचा. ताईची मुलगी ठमी शाळेतून अभ्यास सोडून बाकी सगळं घरी आणायची. मागे तिने उवा आणल्या होत्या. ठमीला मामाच्या खांद्यावर डोकं टेकून गोष्ट ऐकायची सवय, त्यामुळे उवांनी ठमीकडून मामाकडे बस्तान हलवलं. ताईने औषध आणून सगळ्या घराची डोकी चोळली होती.

"काय रे, जेवत का नाहीस?" ताईने विचारलं.

"ऑफिसात कुणीतरी माश्या मारतंय."

"तुमच्याकडे तेच काम असतं ना?"

"ज्या मारायच्या नाहीत त्या मारतंय."

ताईने यावर थोडा विचार केला. "मग त्याला शोध की," ती म्हणाली आणि ठमीच्या ताटातला भाताचा डोंगर सपाट करायला वळली.

दुसऱ्या दिवशी मुकादमही त्याच निष्कर्षाला आली होती, फक्त जास्त जोरात. "कुणीतरी विष आत आणतंय," तिने कॉरिडॉरमध्ये उभं राहून जाहीर केलं. "अत्तर, फवारा, मलम, काय असेल ते. आज सगळ्यांची परीक्षा. हात, मान, डोकं. एकेक कापसाचा बोळा फिरवणार आणि नळीत टाकणार. कोण खरं, कोण खोटं ते माश्या सांगतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?" हिशेबनीस काकांनी विचारलं.

"तर तुम्हीच."

काकांवर सगळ्यांचा पहिल्यापासून संशय होता. ते इतकं अत्तर लावायचे की त्यांच्या आधी पाच मिनिटं त्यांचा वास ऑफिसात यायचा आणि ते गेल्यावर सगळ्यांच्या शेवटी जायचा. मुकादमने त्यांच्या मानेवरून बोळा फिरवला तेव्हा तिचे स्वतःचे डोळे पाणावले. बोळा नळीत गेला. सगळे भोवती जमले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माश्या मजेत. एक तर बोळ्यावर चढून निवांत मिशा साफ करत बसली.

"बघितलंत?" काका म्हणाले. "त्यांना कदर आहे."

मग ड्रायव्हरचा बोळा झाला. तो दिवसाला किती सिगरेटी ओढायचा ते कुणालाच माहीत नव्हतं, पण माश्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. झाडूवाल्या मावशींच्या हाताला फिनेलचा वास होता. माश्या जरा शिंकल्यासारख्या झाल्या, पण टिकल्या. मॅडम स्वतःहून आल्या, मान पुढे केली आणि म्हणाल्या, "सगळे म्हणजे सगळे." मॅडमच्या नळीतल्या माश्या इतर नळ्यांपेक्षा शिस्तीत चालत होत्या, असं काकांचं म्हणणं पडलं. मुकादमने शेवटी स्वतःचाही बोळा टाकला. तिच्या तर घरच्याच माश्या.

"झालं?" चिमट्याने विचारलं. वेळ बघायचं, आकडे लिहायचं काम तोच करत होता; नळ्यांना हात फक्त मुकादम लावत होती.

"तू राहिलास," मुकादम म्हणाली. "ये इकडे. उगाच कुणी म्हणायला नको."

तिने त्याच्या तळहातावरून बोळा फिरवला, मग मानेवरून, मग केसांतून. केसांतून फिरवताना तिला थोडा जास्त वेळ लागला, असं चिमट्याला वाटलं. त्याला तसं वाटणं साहजिक होतं. बोळा नळीत टाकून ती काकांचं ऐकायला वळली. आपण निर्दोष सुटल्याचं पत्र मॅडमनी द्यावं, अशी त्यांची मागणी होती.

चिमटा एकटाच नळीसमोर होता. त्याने बघितलं ते नुसतं बघायचं म्हणून.

पहिली माशी बोळ्यावर चढली आणि थबकली. तिचे पंख थरथरले. ती गोल फिरली, एकदा, दोनदा, मग कुणीतरी ढकलल्यासारखी पाठीवर पडली. दुसरी तिच्याकडे बघायला गेली आणि तिच्या शेजारी पडली. काही वेळात नळीत एकही उभी राहिली नाही. पाय मात्र बराच वेळ हलत होते.

चिमट्याचा हात सवयीने केसांकडे गेला. आणि तिथेच थांबला.

त्याच्या डोळ्यांसमोर घरच्या न्हाणीघरातली बाटली उभी राहिली. बाटलीवर हसऱ्या मुलीचं चित्र होतं, केस मोकळे सोडलेले. दिवसभर जी औषधं तो हाताळायचा त्यांच्या बाटल्यांवर कवट्या असायच्या. त्यामुळे ह्या बाटलीत जे आहे ते उवा मारतं, आणि ऊ हा कीटक आहे, आणि कीटक मारणाऱ्या गोष्टीला कीटकनाशक म्हणतात, ही तीन पावलांची वाट त्याच्या डोक्यात कधी चालूनच झाली नव्हती. डोकं मात्र त्या औषधाने न्हालेलं होतं.

आणि हातमोजे! विषाच्या नळ्यांना हात लावताना तो काटेकोरपणे हातमोजे घालायचा. साध्या नळीच्या वेळी काढून ठेवायचा, कारण साध्या पाण्याला काय भ्यायचं? केसांतून फिरलेला उघडा हात थेट साधीच्या बुचाला. विषवाल्या माश्या हातमोज्यांमुळे त्याच्यापासून वाचल्या होत्या.

खिशात चिमटा होता. बोळा उचलून त्या जागी काकांचा बोळा टाकायला क्षण पुरला असता. सगळे पाठमोरे उभे होते. कुणाला कळलं नसतं. शनिवारी बरण्या फ्रीजरमध्ये गेल्या असत्या, नवीन माश्या आल्या असत्या आणि मुकादमने त्यांना झापायला सुरुवात केली असती. पण कदाचित तितक्या मनापासून नाही.

"मुकादम," तो म्हणाला, "इकडे ये जरा."

ती आली. नळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा नळीकडे.

"हे कुणाचं?"

"माझं."

"काय लावतोस तू?"

चिमट्याने आवाज शक्य तितका खाली नेला. "उवांचं औषध."

"उवा?" मुकादमचा आवाज नेहमीचा होता, म्हणजे दोन मजल्यांचा. काका दोन पावलं मागे सरले.

"होत्या."

"होत्या म्हणजे?"

"गेल्या. केव्हाच गेल्या."

"मग औषध कशाला अजून?"

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "चमक येते," चिमटा म्हणाला. "तू म्हणालीस ना, छान दिसतायत."

मुकादमने तोंड उघडलं आणि मिटलं. असं तिच्या बाबतीत कधी झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू दुसरं काहीतरी आलं.

"तू माझ्या बरण्यांची बुचं लावायचास," ती म्हणाली.

"हो."

"रोज."

"रविवार सोडून."

"म्हणजे माझं घराणं थकलेलं नाही. तूच त्याला रोज थोडं थोडं पाजत होतास. मरण्याइतकं नाही, काम विसरण्याइतकं." ती एक पाऊल पुढे आली आणि लगेच एक पाऊल मागे गेली. "कशाला लावायचास बुचं? मी सांगितलं होतं?"

"मदत म्हणून."

"मला दोन हात आहेत, चिमट्या."

"माहीत आहे," चिमटा म्हणाला. "तेच बघायला यायचो."

ड्रायव्हरला खोकला आला आणि तो बाहेर गेला. काकांना आपली फाइल आठवली. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांना पुढचं ऐकायचं होतं. पण पुढचं मॅडम बोलल्या.

"म्हणजे आपल्याकडे एक कीटकनाशक पायांनी चालत फिरत होतं."

"मॅडम, चूक माझी आहे. घराणं चांगलं आहे. ते फ्रीजरमध्ये ठेवू नका."

"कबुलीजबाब हा पुरावा नव्हे," मॅडम म्हणाल्या. "माणूस कुणासाठी काय कबूल करेल त्याचा भरवसा नसतो. घराणं तुमच्यामुळे बिघडलं की मुळातच थकलं, हे अजून ठरलेलं नाही. आधीच काळी पडलेली अंडी आहेत ना? आतल्या पिल्लांना टरफलाचा आडोसा असतो. ती स्वच्छ बरण्यांत काढा. पुढची पिढी ह्या डोक्यापासून लांब वाढू दे. त्यांचं कार्ड पूर्ण काळं पडलं तर घराणं राहील. पांढरं राहिलं तर शनिवारचं काम त्यानंतरच्या शनिवारी करू." मग त्या चिमट्याकडे वळल्या. "तुम्ही हे केस काढा."

"सगळे?"

"आणि टाकू नका. घेऊन या. किती दिवस असर राहतो ते बघू."

न्हाव्याने आधी समजूत काढायचा प्रयत्न केला. एवढे केस, अशी चमक, लोक यासाठी काय काय करतात. चिमट्याने डोळे मिटून घेतले. मशीन कपाळापासून मागे गेलं तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपलं डोकं वरून जरा चपटं आहे. सगळं झाल्यावर त्याने खिशातून कागदी पिशवी काढली आणि खाली बसून केस भरू लागला.

"आठवण म्हणून?" न्हाव्याने हळुवारपणे विचारलं.

"नाही. माश्यांना द्यायचेत."

न्हाव्याने पुढचा प्रश्न विचारला नाही आणि चिमटा दाराबाहेर पडेपर्यंत वस्तराही खाली ठेवला नाही.

त्यानंतर चिमट्याचं टेबल कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी गेलं. पैदासखोलीच्या काचेच्या दारावर मुकादमने कागद चिकटवला: 'चिमट्यास प्रवेश नाही.' खाली कुणीतरी, बहुतेक काकांनी, लिहिलं: 'उवांसही.' साध्या नळ्या मुकादमने स्वतः लावल्या. दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा जिवंत. तिने त्या दारामागूनच चिमट्याला दाखवल्या आणि पाठ फिरवली. ती त्याच्याशी बोलत नव्हती. सांगायचं असलं की काचेवर बोटाने टकटक करायची, खूण करायची आणि त्याला खूण कळली नाही की कपाळावर हात मारून घ्यायची.

कंपनीवाल्याचा फोन यायचा तो आलाच.

"तुमचं औषध पाण्यापेक्षा सुरक्षित नाही," चिमट्याने सांगितलं. "पाणीच माझ्यामुळे असुरक्षित झालं होतं."

"पण आमच्या नळीत जगल्या ना?"

"जगल्या. पण काम विसरल्या. त्यात माझा वाटा किती आणि तुमचा किती, ते स्वच्छ माश्यांवर पुन्हा बघू. अंड्यावर चढतात आणि परत उतरतात. टोमॅटोवाल्याला जिवंत माशी नकोय, कामाची माशी हवीय."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "काम विसरणं," तो शेवटी म्हणाला, "हे कुठल्या रकान्यात लिहायचं? आमच्याकडे 'मेल्या' आणि 'नाही मेल्या' एवढे दोनच आहेत."

"तिसरा काढा."

"तिसरा काढायला वरून परवानगी लागेल," तो खिन्नपणे म्हणाला. त्याने पुन्हा फोन केला नाही.

नवी पिढी निघाली. मुकादमने त्यांच्यासमोर ताजी अंडी ठेवली आणि मग वाट बघण्यापलीकडे करायला काही उरलं नाही. माशीने अंडं ताब्यात घेतलं तरी ते लगेच काळं पडत नाही. चिमटा सारखा पिंपाजवळ जायचा, कारण तिथून काच दिसायची. दिवसातून इतकं पाणी पिणारा माणूस मावशींनी पाहिला नव्हता. आत मुकादम बरण्यांपुढे उभी असायची. एरवीसारखी झापत नव्हती, नुसती बघायची. तेच चिमट्याला जास्त लागायचं. घराणं गेलं तर दुसरं येईल, पण ती असं गप्प उभं राहायला शिकेल, ही भीती त्याला अळीसारखी पोखरत होती.

तिसऱ्या दिवशी कार्ड पांढरंच होतं. चौथ्या दिवशी पिवळट दिसलं, पण तो काचेवरचा डागही असू शकत होता. त्यानंतरच्या सकाळी चिमटा अजून पिशवी खाली ठेवत होता, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. नेहमीसारखी एका बोटाची नाही, पूर्ण पंजाची.

मुकादमने कार्ड काचेला चिकटवून धरलं होतं. काळंकुट्ट. कडेला दोन-चार अंडी पांढरी राहिली होती, बाकी एका अंड्याला सूट नव्हती. कार्डामागे तिचं तोंड हलत होतं आणि काचेतून ऐकू येत नसलं तरी ती काय म्हणत होती ते स्पष्ट कळत होतं, "हे कोपरे कोण भरणार, मी?"

मॅडम आल्या, कार्ड बघितलं, चष्मा काढला नाही. "राहू दे घराणं," म्हणाल्या आणि गेल्या.

मग मुकादम दार उघडून बाहेर आली. चिमटा सवयीने तीन पावलं मागे सरला.

"थांब तिथे," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा तोंडाने बोलत होती. "डोकं खाली कर."

त्याने केलं. तिने कापसाचा बोळा त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून फिरवला, मागून पुढे, मग कानांच्या वर. "चपटं आहे रे," ती म्हणाली.

"मलाही नवीनच कळलं."

तिने बोळा नळीत टाकला, बूच लावलं आणि नळी उजेडात धरली. दोघं वाकून बघायला लागले. माशी बोळ्यावर चढली. थांबली. माशीने मिशा हलवल्या, बोळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि कंटाळून खाली उतरली.

"जिवंत आहे," चिमटा म्हणाला.

"जिवंत असून काय उपयोग? ते कंपनीवाल्यांना सांग." मुकादमने खिशातून अंड्यांच्या कार्डाचा एक तुकडा काढला आणि नळीत सरकवला. "काम करते का बघू. तिने केलं तर आत यायचं. नाही केलं तर तू आणि तुझं पिंप."

माशी कार्डावर गेली. एका अंड्यावरून चालत गेली. दुसऱ्यावर चढली आणि उतरली. चिमट्याच्या चपट्या डोक्यावर घाम फुटला. तिसऱ्या अंड्याशी ती थांबली. मिशांनी ठोकलं. पुन्हा ठोकलं, दुसऱ्या बाजूने. मग वर चढून बसली आणि हलेनाशी झाली.

"घालतेय का?" चिमट्याने कुजबुजत विचारलं.

"शूः," मुकादम म्हणाली. तिचा खांदा त्याच्या दंडाला लागला होता आणि तिने तो काढला नाही. "कामात असलेल्या बाईला मधेच विचारू नये."